राजाभाऊ

स्ट्रॅथफिन, स्कॉटलंड
१३ ऑगस्ट २००६

चि. पुष्कर,

आशीर्वाद. ई-मेल का करत नाहीस, असं विचारू नकोस. रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचताना मला भातात खडा लागल्यासारखं होतं, आणि फोनवर बोलताना तू एकीकडे क्रिकेट बघत असतोस, ते मला इथे कळतं. आई गेल्यापासून मराठीत पत्र लिहायला मला तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तेव्हा निमूटपणे वाच आणि निमूटपणे उत्तर लिही.

इथे हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू झालाय. आमच्या मागचे सगळे डोंगर एका इस्टेटचे आहेत, हे तुला माहीत आहे. इस्टेटच्या लॉजवर लंडनहून, जर्मनीहून पाहुणे येतात, हरणं मारतात, फोटो काढतात आणि जातात. गाव म्हणजे आपल्या सामानाची खोली आहे अशा थाटात वागतात. गेल्या आठवड्यात शाळेसमोर जीप लावून आत चहा प्यायला गेले. जीपच्या मागे मेलेलं हरीण, रक्त रस्त्यावर ठिबकतंय, आणि पोरं शाळेतून सुटतायत. हरणांच्या पोटातली घाण पायवाटेवरच टाकून देतात. गावात मीटिंग झाली, मीही गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं, 'तुमचं काय मत?' मी बोलले. बरंच बोलले. रघुवीर घरी आल्यावर म्हणाले, 'अगं, मी या गावाचा डॉक्टर आहे, दोन्हीकडचे पेशंट माझेच.' मी म्हटलं, तुम्ही दोन्हीकडे तपासा, मी एकीकडे बोलते.

एक गंमत सांगते. आई रोज जेवणाआधी गोग्रास काढायची आणि देवळापाशी बांधलेल्या गाईला घालून यायची, आठवतं ना? ती गेल्यावर मला काय वाटलं कोण जाणे, मीही काढायला लागले. पोळी, थोडं वरण-भात, वर तूप. इथे गाय आणायची कुठून? शेजारच्या शेतकऱ्याच्या गाई कुंपणापलीकडून माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. मी मागच्या कुंपणावर वाडगा ठेवायचे. गेल्या हिवाळ्यात बर्फात एक स्टॅग, म्हणजे नर हरीण, खाली उतरला आणि वाडगा चाटूनपुसून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आता रोज येतो. केवढा थोरला, मानेला आयाळ, शिंगं बघून छाती दडपते, पण माझ्या हातची पोळी अशी अलगद घेतो की काय सांगू. मी त्याला राजाभाऊ म्हणते. रघुवीर म्हणतात, 'जंगली जनावराला लाडावू नकोस.' पण ते मलाही तसंच म्हणतात.

मर्डो म्हणून इथला स्टॉकर आहे, म्हणजे पाहुण्यांना डोंगरावर नेणारा इस्टेटचा माणूस. त्याने सांगितल्याशिवाय कोणी गोळी झाडायची नाही, असा नियम. तुसडा आहे, पण मनाचा सरळ. तो म्हणाला, 'डॉक्टरबाईंच्या स्टॅगकडे मी कोणाला आणणार नाही.' तेव्हा काळजी नाही.

भाऊबीज चोवीस ऑक्टोबरला आहे. मंजिरीला घेऊन ये. कारणं चालणार नाहीत.

तुझी,
ताई


पिनर, लंडन
२७ ऑगस्ट २००६

ती. ताई,

सा. न. मराठीत हाताने लिहितोय. अक्षर बघून हसू नकोस, ऑफिसमध्ये सहीपलीकडे पेन लागत नाही.

तुझं पत्र सुपरहिट झालं. शनिवारी निकोलस आणि त्याची बायको जेवायला आले होते. निकोलस म्हणजे माझा बॉस. मंजिरीने त्यांच्यासाठी पुरणपोळी केली आणि मी त्यांना तुझ्या राजाभाऊची गोष्ट इंग्रजीत सांगितली. गाय नाही म्हणून स्टॅगला जेवायला घालणारी माझी बहीण. निकोलस हसून हसून लाल झाला. मग एकदम सीरियस होऊन शिंगांना टोकं किती, कुठल्या बाजूला येतो, असं काय काय विचारायला लागला. त्याला शिकारीचा भयंकर नाद आहे. तू रागावशील, पण माणूस वाईट नाही.

आणि खरं सांगू का, तुमचं गावही जरा जास्तच करतंय. हे लोक आले नाहीत तर त्या लॉजमध्ये कोण राहणार, मर्डोला पगार कोण देणार? शाळेसमोर जीप लावायला नको होती, मान्य. पण म्हणून लगेच मीटिंगा? तू पुण्यात वाडेश्वराजवळ पार्किंगवरून भांडायचीस, तशीच तिथे भांडतेयस.

इथलं माझं तुला माहीत आहेच. एप्रिलमध्ये सरकारने पर्मनंट राहण्यासाठीची चार वर्षांची अट पाच केली, तेव्हापासून आमचं सगळं अधांतरी आहे. आणखी वर्षभर नोकरी टिकवायची, निकोलसने पत्र द्यायचं, मग अर्ज. त्यामुळे सध्या निकोलस हसला की मी हसतो. तू यावर काही बोलू नकोस, मला माहीत आहे तू काय म्हणशील.

राजाभाऊ नक्की किती वाजता येतो? मागच्या बाजूने, ओढ्याकडून? मोठी लेन्स आणणार आहे, फोटो काढीन.

तुझा,
पुष्कर


स्ट्रॅथफिन
१० सप्टेंबर २००६

चि. पुष्कर,

तुझं पत्र वाचून राग आला आणि मग तू शेवटी राजाभाऊची चौकशी केलीस म्हणून गेला. तो संध्याकाळी येतो. मी पोळ्या करते, पहिली त्याची. ओढ्याकडून वर येतो, पडक्या भिंतीपाशी थांबून इकडेतिकडे बघतो आणि मग सरळ कुंपणाशी. तू ओढ्यापलीकडे बसलास तर छान फोटो मिळेल, उजेड त्याच्या अंगावर असतो. त्याला माणसाची भीती उरलेली नाही, हललास तरी पळणार नाही.

आता इथलं ऐक. मागच्या मंगळवारी लॉजवरच्या एकाने जीपच्या खिडकीतून गोळी झाडली. मर्डो बरोबर नसताना. हरीण लागलं नाही, रस्त्यापलीकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मेंढी मेली. तो माणूस म्हणे, 'किंमत सांगा.' दुकानदारीणबाईंनी दारावर पाटी लावली, लॉजच्या पाहुण्यांना इथे काही मिळणार नाही. आम्ही सगळे इस्टेटच्या फाटकावर जाऊन उभे राहिलो. पाऊस होता. मी थर्मासमधून आल्याचा चहा नेला होता, सगळ्यांनी प्यायला. मर्डोची बायको मोराग माझ्या छत्रीत होती. ती म्हणाली, 'ही बाहेरची माणसं आपलं गाव खाणार.' आपलं म्हणाली. मला रडूच आलं. रघुवीर यांना सांगितलं तर म्हणाले, पाऊस लागला असेल डोळ्यांत.

पण मर्डोची पंचाईत झालीय. इस्टेटच्या मॅनेजरने त्याला बोलावून सांगितलं, आणखी एक भानगड झाली तर तुला जावं लागेल. त्याचं घरही इस्टेटचंच आहे, नोकरी गेली की घर गेलं. मोराग तशी बोलत नाही, पण तिने पडदे धुवायला काढले होते ते तसेच टोपलीत पडलेत.

निकोलस हसला की तू हसतोस, हे वाचून मला बरं वाटलं नाही. काही बोलू नकोस म्हणालास म्हणून एवढंच बोलते.

ताई


पिनर
२८ सप्टेंबर २००६

ती. ताई,

सा. न. अगदी घाईत लिहितोय. भाऊबीजेचं जमणार नाही, सॉरी. त्याच्या आधीच्या आठवड्यात टीमचं ऑफसाइट आहे, वेल्समध्ये कुठेतरी, टीम-बिल्डिंग वगैरे. निकोलसने मोजकेच लोक निवडलेत, त्यात मी आहे. त्यानंतर लगेच रजा मागणं बरं दिसत नाही. नाताळात नक्की येतो. रागावू नकोस.

मंजिरी नमस्कार सांगते.

पुष्कर


स्ट्रॅथफिन
१५ ऑक्टोबर २००६

पुष्कर,

राजाभाऊला मारलं. माझ्या कुंपणाशी, माझ्या डोळ्यांदेखत.

काल संध्याकाळी मी पोळ्या करत होते. वाडगा ठेवून आत आले, हात धुवायला नळ सोडला आणि खिडकीतून बघत होते. तो नेहमीसारखा आला. भिंतीपाशी थांबला. मग कुंपणाशी येऊन वाडग्यात तोंड घातलं, आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडे काहीतरी हललं म्हणून त्याने मान वर केली. पळाला नाही. त्याला वाटलं असेल, कोणीतरी पोळी घेऊन आलंय. मग आवाज झाला. तसा आवाज मी जन्मात इतक्या जवळून ऐकला नव्हता. गोळी त्याच्या अंगातून आरपार जाऊन आमच्या कोळशाच्या खोलीच्या भिंतीत घुसली. ती खोली स्वयंपाकघराला लागून आहे, तुला माहीत आहे. मी नळापाशी नसते, दारात असते, तर आज रघुवीर तुला पत्र लिहीत असते.

मी तशीच बाहेर धावले. तो गुडघ्यांवर बसला होता आणि उठायला बघत होता. ओढ्यापलीकडे चार माणसं. मी ओरडले, काय ओरडले ते मला धड आठवत नाही. मराठीतूनच ओरडले, त्यांना काय कळणार. तिघं जीपकडे पळाले. एक तिथेच उभा होता, रायफल हातात घेऊन. टोपी खाली ओढलेली. माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवून तोही गेला. माणूस आहे की कोण? बाई समोर किंचाळतेय, जनावर तडफडतंय, आणि हा पाठ फिरवतो. आवाज ऐकून मर्डो धावत आला आणि त्यानेच शेवटची गोळी घालून राजाभाऊला मोकळं केलं.

पोलीस येऊन गेले. लॉजवरच्या त्या पाहुण्यांनी सांगितलं की मर्डोनेच त्यांना तिथे जायला सांगितलं, सोपी शिकार मिळेल म्हणून. धडधडीत खोटं. मर्डोने त्यांना तीन दिवस डोंगरावर फिरवलं, काही मिळालं नाही, आणि खाली घरांकडे काहीच नाही असं सांगून तो घरी जेवायला गेला होता. पण सुटाबुटातल्या तिघाचौघांपुढे त्याचं कोण ऐकणार? मॅनेजरने सकाळी त्याला काढून टाकलं. महिनाअखेर घर खाली करायचं. गोळी कोणी झाडली, ते चौघंही सांगत नाहीत. एकमेकांच्या पाठीशी उभे आहेत. रात्रीच लंडनला निघून गेले.

मोराग आली होती. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, 'तू त्याला खायला घातलं नसतंस तर तो डोंगरावर असता.' मला वाटलं होतं ती माझ्या गळ्यात पडेल. पुष्कर, मी आईच्या नावाने घास काढत होते रे. मला कोणाचं वाईट करायचं नव्हतं.

तू लंडनच्या फायनान्समधला. हे लोक तिकडच्याच कुठल्या तरी कंपनीचे आहेत, एवढंच कळलंय. पोलीस नावं सांगत नाहीत. चौकशी कर. ज्याने गोळी झाडली त्याला मला एकदा समोरासमोर बघायचंय. त्याच्या आईने त्याला काय शिकवलं, ते विचारायचंय.

ताई


पिनर
१८ ऑक्टोबर २००६

ताई,

फोन पाचसहा वेळा उचलला आणि ठेवला. लिहितोच.

त्या चौघांत मी होतो.

वेल्स नव्हतंच. निकोलसने ऑगस्टमध्येच लॉज बुक केलं होतं, मी तुझी गोष्ट सांगितली त्याच आठवड्यात. मला वाटलं डोंगरावर जातील, तीनचार दिवस पावसात फिरतील, परत येतील. तुला भेटायचं नाही असं ठरवून आलो होतो, कारण तू फाटकावर उभी राहणारी आणि मी जीपमध्ये बसणारा. मला लाज वाटली, तुझी नाही, माझी. जीप तुमच्या दुकानावरून गेली तेव्हा मी सीटवर खाली सरकून बसलो.

तीन दिवस काही मिळालं नाही. निकोलस चिडला होता. सीझन संपत आला होता, मर्डो त्याच्याशी धड बोलत नव्हता. शनिवारी दुपारी मर्डो गेल्यावर निकोलस म्हणाला, 'पुश, तुझ्या बहिणीच्या त्या पाळीव स्टॅगचं काय?' सगळे हसले. मीही हसलो. आणि मग मीच त्यांना घेऊन गेलो. ओढ्यापलीकडे कुठे बसायचं ते तुझ्या पत्रामुळे मला माहीत होतं. मला वाटलं, आपण नुसते बघू. खरंच वाटलं का, ते आता मला सांगता येत नाही.

निकोलसने स्वतःची रायफल माझ्या हातात दिली. म्हणाला, स्टॅग तुझा, शॉटही तुझाच. आदल्या दिवशी मर्डोने मला लक्ष्यावर एकच गोळी मारायला लावली होती, तेवढीच माझी अक्कल. मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. मी विचार करत होतो की नाही म्हटलं तर सोमवारी ऑफिसमध्ये काय होईल. तो माझ्याकडे बघत होता, ताई. मी हललो म्हणून त्याने मान वर केली.

मग तू बाहेर आलीस. पिठाचे हात, अंगावर आईची निळी शाल. त्यांना कळलं नाही तू काय ओरडलीस. मला कळलं. तू 'अरे मारू नका, माझा आहे तो' म्हणत होतीस.

जीपमध्ये निकोलसने ठरवलं काय सांगायचं ते. मर्डोने पाठवलं. कोणी झाडली ते कोणीच सांगायचं नाही. पोलिसांनी मला विचारलं, मी मान हलवली. माझ्याकडे लायसन्स नाही, मर्डो जवळ नसताना मी रायफल हातात घेणंच गुन्हा आहे, आणि गुन्हा नोंदला गेला की अर्जाचं काय होईल ते तुला सांगायला नको. मंजिरीला दिवस गेलेत. हे तुला भाऊबीजेला सांगणार होतो.

मर्डोला मी पैसे पाठवीन. दुसरीकडे नोकरी मिळते का तेही बघतो. तू फक्त कोणाला सांगू नकोस. तुझ्याकडे दुसरं काही मागत नाही.

पुष्कर


स्ट्रॅथफिन
२३ ऑक्टोबर २००६

पुष्कर,

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं आणि मग जिन्यात बसून राहिले. रघुवीर दवाखान्यातून आले, त्यांनी वाचलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला ओरडले. म्हणाले, 'जाळून टाक. हरीण गेलं ते गेलं. त्या पोरीला दिवस गेलेत, तुझ्या भावाला देशाबाहेर घालवणार आहेस का?' मी जाळलं नाही. दिवाळी आली, मी पणतीसुद्धा लावली नाही.

मंजिरीची बातमी वाचली तेव्हा मला आनंदही झाला, हे तुला सांगायला हवं. आनंद झाला आणि त्याच पानावर तू मला गप्प बसायला सांगितलंस. तू राजाभाऊला मारलंस ते मी कधीतरी गिळलं असतं. घाबरट माणसाच्या हातून काय काय होतं. पण त्यानंतर तू घरी गेलास, जेवलास, झोपलास, आणि पोलिसांसमोर मान हलवलीस, हे माझ्याच्याने गिळवत नाही. मर्डोला पैसे पाठवणार म्हणतोस. मेंढीची किंमत विचारणारा तो माणूस आणि तू, सांग बरं काय फरक?

शनिवारी मी मोरागकडे गेले. तिने दार उघडलं पण आत ये म्हणाली नाही. मागे खोलीत मर्डो खोक्यांना टेप लावत होता. तो याच गावात जन्मला, त्याचा बापही इथेच स्टॉकर होता. त्याने माझ्याकडे बघून नुसती मान डोलावली. राग नव्हता त्यात. मला तिथे सांगावंसं वाटलं, अहो, तो माझा भाऊ होता. मी तशीच मागे फिरले. घरी येताना दुकानदारीणबाई भेटल्या, म्हणाल्या, 'ही बाहेरची माणसं.' मी हो म्हटलं. पुष्कर, मी हो म्हटलं, आणि मग मला माझीच इतकी शिसारी आली की रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं.

आज सकाळच्या बसने मी एकटी पोलीस स्टेशनला गेले. रघुवीर यांना सांगितलं नाही, ते दवाखान्यात होते. तुझं पत्र नेलं नाही. मराठीतलं पत्र त्यांना काय वाचता येणार, आणि ते तू मला लिहिलेलं होतंस. मी तोंडानेच सांगितलं. रायफल कोणाची, मर्डो कुठे होता, जीपमध्ये काय ठरलं, सगळं. तिथला पोलीस तरुण होता, अगदी शांतपणे लिहून घेत होता. त्याने तुझं नाव विचारलं. मी जोगळेकर सांगितलं, तर त्याने स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं, तो एकेक अक्षर लिहीत गेला. मधे मी अडले तेव्हा तो थांबला, आणि मी पुढचं अक्षर सांगेपर्यंत वर बघितलं नाही.

मग त्याने विचारलं, हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं. मी म्हटलं, त्यानेच. तो म्हणाला, तो तुम्हाला का सांगेल, तुमचा कोण लागतो?

मी सांगितलं.

त्याने पेन खाली ठेवलं, उठून पाण्याचा ग्लास आणला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, 'अजून सही केलेली नाही तुम्ही. हवं तर घरी जा, विचार करा.'

मी पाणी प्यायले आणि सही केली.

तुझी,
ताई